डावीकडचं वजन

१

गौस मुजावर गाडीच्या इंजिनाला हात लावत नसे. इंजिनवाले उद्यमनगरात ढिगानं पडलेत, तिकडं जावा, असं तो आल्या माणसाला तोंडावर सांगे. त्याचं काम आतलं. गाडीत बसणाऱ्याच्या कानाशी जी कटकट, खुळखुळ, किरकिर चालते, तेवढी शोधायची आणि बंद करायची. नवी गाडी घेतलेला माणूस महिनाभर पेढे वाटतो, आणि दुसऱ्या महिन्यात डॅशबोर्डात काहीतरी टिकटिकतंय म्हणून बायकोवर खेकसायला लागतो. असली माणसं चार ठिकाणी फिरून, डोकं पिकवून शेवटी कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन उभी राहत.

त्याची रीत ठरलेली होती. गाडी मालकानं चालवायची, गौसनं नुसतं बसायचं. शेडमागून उसाच्या रानात एक पाणंद जाते, दगडाधोंड्यांची, जिथं बैलगाडीसुद्धा शिव्या देत चालावी अशी. त्या पाणंदीतनं गाडी न्यायला लावून तो डोळे मिटून घेई. आधी पुढं, मग मागं डावीकडं, मग मागं उजवीकडं, अशा जागा बदले. आवाज आला की तळवा पसरून तो एकेका ठिकाणी दाबून बघे. जिथं हात ठेवल्यावर आवाज थांबतो तिथंच त्याचं घर, हा त्याचा सगळा अभ्यास. मग तिथं लोकरी नमद्याची पट्टी, नाहीतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि काम संपलं. कधी दारातनं शेंगदाणे निघत, कधी केसाचे आकडे, एकदा हुपरीच्या पैंजणाचं एकुलतं घुंगरू, आणि एकदा कुणातरी पोराचा दुधाचा दात.

शेडच्या मागं दोन खोल्या होत्या, तिथं तो राहायचा. बायको बिबीजान जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी नुजहत लग्न होऊन मिरजेला, शुक्रवारी न चुकता फोन करी आणि जेवलास का विचारी. तो जेवलो म्हणे. बाकी सहा दिवस त्या दोन खोल्यांत फळीवरलं घड्याळ आणि तो. दिवसभर लोकांचे आवाज बंद करणारा माणूस संध्याकाळी घरी एखादा आवाज यावा म्हणून कान देऊन बसतो, हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

२

डिसेंबरातली गोष्ट. साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता, बावडाभर मळीचा वास होता आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची माळ लागलेली. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास गणपतराव आपली छोटी पांढरी गाडी घेऊन आले.

गणपतराव सत्तरी ओलांडलेले, पण अंगानं अजून तालमीतले. नव्वद किलोचा देह दारातनं आत येताना जरा तिरका करावा लागे. त्यांनी तीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली होती. त्यांची बायको चिमणाबाई दीड वर्षापूर्वी गेली, तेव्हा गौस मयतीला गेला होता. मुलगा सम्राट बेंगळुरूला नोकरीत, त्यामुळं घरात ते एकटेच.

गौसनं बाकडं पुसून पुढं केलं. “काय वाजतंय, आबा?”

“काय वाजत न्हाय,” गणपतराव म्हणाले. “म्हणून तर आणलीया.”

गौस हसला. पण म्हातारा हसत नव्हता, तेव्हा तो गप्प बसून ऐकायला लागला.

गोष्ट अशी होती. गाडीची पुढची डावी सीट फार वर्षांपासून ढिली. चिमणाबाई बसली की सीट गप्प. ती बाजारात उतरली आणि हे एकटे निघाले की पहिल्या खड्ड्याला कटकट सुरू. मी नसले की कशी बोंबलते बघा तुमची गाडी, असं ती म्हणायची. ती गेल्यावर दीड वर्ष ती सीट रोज वाजली. गणपतरावांनी ती दुरुस्त केली नाही. वाजतेय तर वाजू दे, तिची आठवण आहे, म्हणाले. आणि पंधरा दिवसांपूर्वी लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं परत येताना, गाडीत कुणी नसताना, ती मध्येच थांबली. तवापासून एकदाही वाजली नाही.

“रविवारी सम्राट येणार हाय,” गणपतराव म्हणाले. “मला बेंगळुरूला न्यायला. कायमचं. गाडीत काय अडकून आवाज थांबला असंल तर मी मुकाट जातो त्याच्यासंगं. पन तसं नसंल, तर तिला हितं एकटीला टाकून कसा जाऊ? तू कानाचा माणूस हायस, गौस. जे असंल ते खरं सांग.”

एवढं बोलून ते बाकड्यावर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून डॉक्टरच्या दारात बसावं तसे बसून राहिले.

३

गौसनं आधी सीट बघितली. खालची पट्टी, तिच्यावर सरकणारे दात, मागची पिन. पिन झिजून अर्धी झाली होती. त्यानं सीटची पाठ धरून हलवली तर कटकट असा खणखणीत आवाज आला. तो खाली वाकून, बॅटरीचा उजेड पाडून बघत राहिला. गंज नव्हता, कागद नव्हता, काही अडकलेलं नव्हतं. अशी सीट रस्त्यावर वाजणार म्हणजे वाजणारच. ती थांबायला जगात एकच उपाय, तिच्यावर कुणीतरी बसणं.

हे त्याच्या मनात आलं आणि त्यानं ते झटकून टाकलं. हातात दगडासारखी साधी गोष्ट असताना माणसानं ढगात बघू नये.

मग दोघं पाणंदीत निघाले. गणपतराव चालवत होते, गौस त्यांच्या मागं बसून डोळे मिटून ऐकत होता. मागच्या काचेची थरथर आली, डिकीतला जॅक खडखडला, गणपतरावांच्या किल्ल्या आपसात वाजल्या. गाडी दगडांवरनं उड्या मारत होती. पुढच्या डाव्या बाजूनं काही नाही. गौसनं डोळे उघडले. सीट रिकामी होती. तिच्या पाठीवर गणपतरावांनी धुतलेला पांढरा टॉवेल घातला होता, तो सुद्धा हलत नव्हता.

सवयीनं त्यानं हात पुढं केला आणि सीटच्या पाठीवर तळवा ठेवला.

रिकामी सीट खड्ड्यात उडते. तिचं हादरणं सुटं असतं, हाताला ते लगेच कळतं. भरलेली सीट खड्ड्यात खाली जाते आणि दमानं वर येते. हजारदा त्याच्या हातानं हा फरक घेतलेला. ही सीट खाली जात होती आणि दमानं वर येत होती.

गौसनं हात काढून मांडीवर ठेवला. आपलं वय झालं, त्यानं स्वतःला सांगितलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी हाताला काय कळणार. थंडीचे दिवस आहेत, लोखंड आवळतं, पिन घट्ट होत असेल. मनात असे चार-पाच खुलासे त्यानं रांगेत उभे केले. ते सगळे चांगले खुलासे होते. तरी परत शेडपर्यंत त्यानं त्या सीटला गुडघासुद्धा लागू दिला नाही.

शेडमध्ये आल्यावर त्याला एक सुचलं. तुम्ही बसा आबा, मी एकटा एक चक्कर मारून येतो, म्हणाला. गणपतरावांनी किल्ली दिली. गौस स्टेरिंगवर बसला आणि पाणंदीला लागला.

पहिल्याच दगडाला सीट वाजली. कटकट. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. जाताना सगळ्या वाटेनं वाजली आणि येतानाही वाजली, इतकी की जुना ओळखीचा माणूस भेटावा तसं गौसला बरं वाटलं. तो चक्क हसला. मग शेड दिसायला लागलं, बाकड्यावर मान ताठ करून बसलेले गणपतराव दिसले, आणि त्याच्या ध्यानात आलं की हे काही बरं झालेलं नाही.

४

खोटं बोलणं सोपं होतं. पिन जाम झालीय आबा, एवढं म्हटलं असतं तर म्हातारा रविवारी मुलाबरोबर गेला असता आणि कथा तिथंच संपली असती. पण गौस आवाजाच्या बाबतीत आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. बाकी चार गोष्टींत बोलला असेल, कोण बोलत नाही. आवाज आला तर आला, नाही तर नाही, याच्यावर त्याचं नाव उभं होतं. आणि मान ताठ करून बसलेल्या माणसाला काय ऐकायचंय हेही त्याला कळत होतं.

“मी एकट्यानं नेली तर वाजली, आबा,” तो म्हणाला. “तुम्ही असला की वाजत न्हाय.”

गणपतरावांचा चेहरा बघवेना. त्यांनी टोपी काढली, परत घातली. “म्हंजे माझ्यासंगंच येती,” ते म्हणाले, आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

त्या दिवसापासून त्यांची तऱ्हाच बदलली. सम्राटला फोन करून येऊ नकोस म्हणून कळवलं. दाढी रोज व्हायला लागली. इस्त्रीचा शर्ट, गाडी धुतलेली. दुसऱ्या दिवशी ते चंदगडपर्यंत जाऊन आले, चिमणाबाईच्या माहेरी. जाता-येता शेडसमोर थांबून गौसला सांगत बसले की वाटेत हॉटेलात दोन चहा सांगतो, एक माझा आणि एक समोर ठेवतो. पोरगं दुसरा कप भरलेला परत नेताना बघतं माझ्याकडं, बघू दे की.

गौस हो हो करत ऐकायचा. खरं सांगायचं तर त्याला हेवा वाटत होता. बिबीजान सहा वर्षांत एकदा स्वप्नातसुद्धा आली नव्हती. तीस वर्षं एका ताटात जेवलेली बाई अशी एकदम बेपत्ता होते, याचा राग त्याला अजून होता, आणि तो राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. गणपतरावांच्या गाडीकडं बघताना त्याच्या आत जे हलायचं ते भीतीच असेल असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

५

शुक्रवारी दुपारी तो जुम्म्याची नमाज करून चालत येत होता. कारखान्याच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर अडकले होते आणि त्यांच्या मागं गाड्या तुंबलेल्या. त्यात गणपतरावांची पांढरी गाडी होती. गौस मागनं येत होता, म्हणून त्याला ती मागनं दिसली.

गाडी डावीकडं कलली होती.

तो चालता चालता थांबला. आत एकटे गणपतराव, नव्वद किलोचे, उजवीकडं. एकटा जड अंगाचा माणूस चालवत असला की गाडी उजवीकडं झुकायला पाहिजे. ही डावीकडं बसली होती, आणि चांगलीच. रस्त्याला उतार असेल म्हणून त्यानं पुढच्या मागच्या गाड्या बघितल्या. त्या सरळ होत्या.

गणपतरावांनी आरशात त्याला बघून काच खाली केली. ते बोलत असताना गौस चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं वाकला आणि त्यानं टायर आणि मडगार्डाच्या मधल्या फटीत बोटं घातली. ही त्याची मापं. उजवीकडं चार बोटं आरामात गेली. मग तो गाडीला वळसा घालून डावीकडं आला. तिथं एक बोट गेलं, तेही कसंबसं.

एवढ्यात रांग जरा हलली आणि गणपतरावांनी गाडी कडेला घेतली. समोरच्या दुकानातनं गुळाची ढेप घ्यायची म्हणाले. ते उतरले तशी उजवी बाजू वर आली. ते रस्ता ओलांडायला निघाले.

मग डावी बाजू वर आली.

घाई नाही, दणका नाही. जड अंगाचा माणूस सीटवरनं उठताना गाडी जशी सावकाश मोकळी होते तशी ती मोकळी झाली. दार उघडलं नव्हतं. काच वर होती. गौसच्या हातापासून दार एक वितीवर होतं आणि ते उघडलं नव्हतं.

त्यानं गणपतरावांकडं बघितलं. ते रस्त्याच्या मध्यावरनं पुढं गेले होते. मागनं एक मोटारसायकलवाला आला, गणपतराव पुढं गेल्यावर त्याला वाट मोकळी होती. तरी त्यानं ब्रेक मारला, पाय टेकला आणि कुणाला तरी जाऊ द्यावं तसा थांबला. मग इकडंतिकडं बघून, स्वतःवरच वैतागल्यासारखा तो निघून गेला.

त्या दिवशी नुजहतचा फोन आला तेव्हा गौस जेवलो म्हणाला आणि पहिल्यांदाच ते खोटं होतं.

शनिवारी सकाळी त्यानं एक गोष्ट केली, जी त्यानं कुणाला समजावून सांगितली नसती. शेडमध्ये एका गिऱ्हाइकाची तसलीच गाडी आली होती. शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातला ज्ञानू अंगानं गणपतरावांसारखाच, त्याला गौसनं स्टेरिंगवर बसवलं. मग त्याच्याच दुकानातनं सिमेंटची पोती ढकलगाडीवर आणून एकेक डाव्या सीटवर चढवायला लागला. एका पोत्याला गाडी उजवीकडंच होती. दोन पोत्यांना जवळजवळ सरळ झाली. तीन चढवली, खाली वाकून बोटं घातली, दोन गेली. चौथं चढवताना त्याची कंबर धरली. मग परत वाकला. एक बोट, कसंबसं.

“कुणाला बसवनार हायस हितं, हत्तीला?” ज्ञानूनं विचारलं.

गौस त्या पोत्यांकडं बघत होता. चार पोती, दोनशे किलो. त्याला चिमणाबाईची मयत आठवत होती. तोळामासा बाई, त्यात शेवटचं दुखणं. तिरडी उचलणारे खांदा बदलायलासुद्धा थांबले नव्हते, हातात काही नसल्यासारखे भराभर गेले होते.

आणि आपण त्या माणसाला काय सांगून बसलो, हे त्याला आठवत होतं. आपल्या एका शब्दावर तो घरी राहिला. ते जे आहे ते त्याच्याबरोबर उतरतं, त्याच्या मागनं उंबरा ओलांडतं, आणि तो त्याला चहा सांगतो.

६

रविवारी सकाळी गौसनं फोन करून त्यांना बोलावून घेतलं. सम्राट बापाचं न ऐकता आलाच होता, घरी सामान बांधत होता. गणपतराव दहा मिनिटांत येतो असं त्याला सांगून निघाले होते. त्यांनी गाडी शेडच्या दारात आडवी उभी केली आणि इंजिन बंद करून आतच बसून राहिले. गौस त्यांच्या खिडकीशी उभा राहिला. त्याला डावीकडं बघायचं नव्हतं, म्हणून तो गणपतरावांच्या शर्टाच्या गुंडीकडं बघत बोलला.

त्यानं सगळं सांगितलं. चार बोटं, एक बोट, ज्ञानू, पोती. सांगताना आवाज खाली येत गेला, कारण आपण हे कुणाच्या देखत बोलतोय ते त्याच्या मनातनं जाईना. शेवटी म्हणाला, “आबा, ते वजन वैनींचं न्हाय.”

 उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या टेपचा आवाज लांब जाऊन विरला.

“तीस वर्षं काट्यावर काढली, गौस,” ते म्हणाले. “मला वजन कळत न्हाय व्हय? पयल्या दिशीच स्टेरिंग डावीकडं वढाय लागलं. तवाच कळलं, ही चिमणा न्हवं.”

“मग मला कशाला इचारलंसा?”

“कोन हाय ते न्हाय इचारलं मी. तिचं नाव घेत हुतो ते मनाची समजूत घालाया. कुनीतरी हाय, एवढं तरी खरं का, ते इचारलं.”

 भ्या वाटत नाही का, असं गौसनं विचारलं. गणपतरावांनी डाव्या सीटकडं एकदा चोरून बघितलं. 

“वाटतं की. पन दीड वर्स घरात नुसता माझा मीच खोकत हुतो. एकट्यानं जगन्यापरीस दोघांत भ्यालेलं बरं.” त्यांनी घराच्या दिशेनं मान वळवली. “पोरगं न्यायला आलंय. मला जायाचं हाय, गौस. नातवाला बघायचं हाय. पन ह्याला कुनाच्या जिवावर टाकू? साऱ्या कोल्हापुरात ते माझ्याच दारात आलं, म्हंजे त्यालाबी कुनी नसंल.”

त्यांचे डोळे भरून आले होते. सत्तरीतला पैलवान गडी, घरी मुलगा बॅगा बांधतोय, आणि हा इथं अडकलेला. गौसला त्याची इतकी दया आली की त्यानं विचार केला नाही. तोंडातनं निघून गेलं. दिवसातनं दहा वेळा तो हे वाक्य गिऱ्हाइकांना म्हणत असे, आवाज सापडत नसला, वेळ लागणार असला, माणूस घाईत असला की. गॅरेजात बसणाऱ्या माणसाच्या जिभेवर ते कायमच असतं.

“गाडी ठेवून जावा, आबा. मी बघतो.”

गणपतराव त्याच्याकडं बघत राहिले. “बघशील?”

“बघतो की,” गौस म्हणाला. हेही सवयीचंच. आणि म्हणून झाल्यावर त्याला कळलं की त्यानं काय म्हटलं.

गणपतराव डावीकडं वळले. रिकाम्या सीटकडं तोंड करून ते हलक्या आवाजात काहीतरी बोलले, पाहुण्याच्या घरनं निघताना बोलतात तसं. शब्द गौसला ऐकू आले नाहीत. मग ते उतरले, किल्ली तशीच राहू दिली, आणि गौसच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. उजवी बाजू वर आली. ते रस्त्याला लागले. मागं वळून बघितलं नाही. पाठमोरे ते एकदम म्हातारे दिसत होते, आणि मोकळे.

गौस डावी बाजू वर यायची वाट बघत उभा राहिला.

परवा दोन-तीन श्वासांत आली होती. त्यानं दहा मोजले. मग वीस. गणपतराव वळणावर लहान दिसायला लागले, मग दिसेनासे झाले. येईल, आता उठेल, मागनं जाईल, असं तो मनाशी म्हणत होता. गाडी हलली नाही. शेवटी तो वळसा घालून गेला, वाकला, आणि डाव्या फटीत बोट घालून बघितलं. आज ते एकही जाईना.

गणपतराव घरी पोचले असतील इतका वेळ गेल्यावर त्यानं खिशातनं फोन काढला. आबा, चुकलं, परत या, एवढंच सांगायचं होतं. नंबर लावला, पलीकडं उचलला गेला आणि मागं सम्राट कुठल्यातरी बॅगेवरनं बापाशी हुज्जत घालत होता. गणपतराव हसत होते. हॅलो, हॅलो, कोन, असं ते म्हणाले. गौसनं फोन बंद केला.

रस्त्यावरनं उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारायला लागला. गाडी दारात आडवी, थोडी रस्त्यावरही होती, ती आत घ्यावी लागणार होती. ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडत होता, अहो पावणं, काढा की. गौस स्टेरिंगवर जाऊन बसला. दार ओढून घेतलं. बाहेरचा गोंगाट कमी झाला आणि आत एक शांतता होती, जिच्यात आपला श्वास ऐकताना त्याला वाटलं की तो एकटा येत नाही. त्यानं डावीकडं बघितलं नाही. डोळ्याच्या कडेला तेवढा टॉवेल दिसला, मधोमध मागं चेपलेला, आणि खिडकीचा उजेड त्याच्यावर पडत नव्हता.

त्याला भीती वाटत होती.  पण सहा वर्षं ज्या दोन खोल्यांत तो कान देऊन बसला होता त्या त्याला आठवल्या, आणि भीतीच्या खाली जे काही हललं त्याची त्याला लाज वाटली.

त्यानं गाडी सुरू केली. स्टेरिंग डावीकडं ओढत होतं. शेडच्या दारात सिमेंट उखडून एक खोल खड्डा पडला होता, रोज तो त्यातनं गाड्या धाडकन आत घाली. आज तो जवळ आला तसं गौसनं ब्रेकवर पाय ठेवला, वेग अगदी मोडला, आणि आधी एक चाक, मग दुसरं, असं अलगद उतरवलं. सीट वाजली नाही. बिबीजान गेल्यापासून त्यानं इतक्या जपून कुणाला नेलं नव्हतं.